माय चितेगावला असते

बिभीषणच्या अंगावर चट्टे उठले ते गेल्या हिवाळ्यात. आधी घसा धरला, चार-पाच दिवस सणकून ताप आला, तो उतरला आणि पंधरवड्यात दोन्ही कोपरांवर लाल ठिपके दिसू लागले. तो वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. दिवसभर हात ऑइलात असायचे, त्यानंच काहीतरी झालं असेल म्हणून त्यानं आधी लक्ष दिलं नाही. मग मेडिकलवाल्याकडून एक ट्यूब आणली. लावली की ठिपके फिके पडायचे, सोडली की दुपटीनं उठायचे. संक्रांत येईपर्यंत ठिपक्यांचे तळहाताएवढे चट्टे झाले. त्यांच्यावर पांढरे पापुद्रे धरायचे आणि खाजवलं की गळायचे. डोक्यातही तेच. निळ्या युनिफॉर्मच्या खांद्यावर भुसा सांडल्यासारखं दिसायचं.

कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारी जेवणारे दोघं हळूहळू पलीकडच्या बाकावर बसायला लागले. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर त्यानं भांडण तरी केलं असतं.

बजाजनगरात त्याच्या दोन खोल्या होत्या. बायको शालू आणि पाच वर्षांची विशाखा. घरात त्यानं आपणहून आपला टॉवेल वेगळा टांगला, ताट-वाटी बाजूला काढली. विशाखा अंगावर उडी मारायला आली की तो काहीतरी काम काढून उठायचा. शालूनं चार दिवस हे बघितलं. पाचव्या दिवशी तिनं त्याचं ताट उचलून पुन्हा सगळ्या ताटांत ठेवलं आणि उद्या सुट्टी टाका, घाटीत जायचं, एवढंच सांगितलं.

घाटीच्या सरकारी इस्पितळात, कातडीच्या विभागात ही गर्दी. नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तिशीच्या आतबाहेरच्या होत्या, सुकेशनी नाव. त्यांनी त्याचा हात सरळ आपल्या हातात घेतला तेव्हा त्यानंच तो मागं ओढला. त्यांनी पुन्हा घेतला. कोपर बघितलं, गुडघे बघितले, केस बाजूला करून डोकं बघितलं, आणि मग एकेक नख उजेडात धरून बघत बसल्या. नखांवर बारीक खड्डे होते, सुईच्या टोकानं टोचल्यासारखे.

हा सोरायसिस, त्या म्हणाल्या. घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणाला नाही, तो म्हणाला. वडिलांना? नाही. आईला?

बिभीषणनं शालूकडं बघितलं. मग म्हणाला, "आईचं मला ठाऊक नाय. मी चार वर्षांचा असताना ती सोडून गेली."

डॉक्टरांनी तेवढ्यावर तो विषय सोडला आणि दोघांना समजावून सांगितलं. हा रोग कुणाचा कुणाला लागत नाही. ना शिवल्यानं, ना एका ताटात जेवल्यानं. आईबापाकडून जसं नाकडोळे येतात, उंची येते, तसंच अंगाच्या घडणीत काही गोष्टी येतात. त्यातल्या काहींमुळं अंगाचं रक्षण करणाऱ्या पेशी उलट आपल्याच कातडीवर भडकतात आणि कातडी भराभर वाढायला लागते. ही एकाच जनुकाची गोष्ट नसते, पुष्कळ जनुकं मिळून ते ठरतं. ती अंगात असली म्हणून रोग होतोच असंही नाही. काहींच्या अंगात जन्मभर निजून राहतो. घसा आला, मोठी जखम झाली, मनाला घोर लागला, असं काही निमित्त झालं की उठतो. याच्या बाबतीत घसा निमित्त झाला असावा.

शालूनं पोरीचं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, आईबापांपैकी एकाला असला तर दहा मुलांत साधारण एकदोघांना होऊ शकतो. बाकीच्यांना नाही. आणि तो व्हायचा असेल तर जन्माच्या आधी जे मिळालं त्यामुळं होईल, बापाच्या मांडीवर बसल्यामुळं होणार नाही. "तेव्हा पोरीला जवळ घ्या," त्या बिभीषणला म्हणाल्या. "आणि जमलं तर आईची चौकशी करा."

आईची चौकशी. बिभीषणनं सत्तावीस वर्षांत ती कधी केली नव्हती. त्याला आजीनं वाढवलं होतं आणि आजीनं एकच गोष्ट सांगितली होती: तुझी माय तुला टाकून गेली. शाळेत पोरं तोंडावर तेच म्हणायची. कन्नड तालुक्यातलं डोंगराकडचं ते गाव, पन्नास उंबऱ्यांचं, त्यात दुसऱ्या कुणाची माय अशी गेलेली नव्हती. मोठा होताना त्यानं तिचा चेहरा आठवायचाही सोडून दिला. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी, मुंजाबांनी, खाली बघत विचारलं होतं, तिला सांगावा धाडू का. ती आली तर मी बोहल्यावर उभा राहणार नाय, असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं. मुंजाबा पुन्हा काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी तो एसटीनं कन्नडला गेला आणि तिथून जीपनं गावी. मुंजाबा मेंढरांच्या वाड्यात लोकर कातरत होते. आजी जाऊन सात वर्षं झाली होती. म्हातारा एकटाच वीस-पंचवीस मेंढरं सांभाळून राहायचा. बिभीषणनं शर्टाची बाही वर केली.

मुंजाबांच्या हातातली कातर थांबली. मेंढरू अर्धं कातरलेलं तसंच सुटून गेलं. ते त्याच्या कोपराकडं बघत राहिले.

"तुझ्या मायला आसंच होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बिभीषण झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी आईच्या, सुगंधाच्या, हातापायांवर चट्टे आले. आधी गजकर्ण म्हणून करंजाचं तेल लावलं, मग लिंबाचा पाला. वर्षभरात तिच्या हाताची बोटं सुजली आणि वाकडी व्हायला लागली. वाकडी बोटं बघून गावात कुजबुज सुरू झाली. कन्नडच्या बाजारात एक जण औषधं द्यायचा, त्यानं लांबूनच बघून सांगितलं, महारोग. सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घ्यायला हवं होतं. पण तिथं नाव लिहितील, गावात कळेल, म्हणून नेलं नाही. आजीनं सुनेचं अंथरूण गोठ्यात टाकलं. तिचं पाणी वेगळं, चूल वेगळी. पोराला तिच्याकडं जाऊ द्यायचं नाही.

पोर ऐकायचं नाही. चार वर्षांचं पोर, कुणाची नजर चुकली की गोठ्यात पळायचं आणि आईच्या गळ्यात पडायचं. आई त्याला काठीनं लांब ढकलायची. काठीनंच, हातानं नाही. तो रडत पुन्हा यायचा.

"एक दिवस तीच मला म्हनली, मी हितं ऱ्हायले तर लेकराला लागंल. मी जाते. भावाकडं जाते. लेकराला सांगा, टाकून गेली. म्हंजी राग धरंल, मागं येनार नाय."

"आनि तुम्ही काय म्हनले?" बिभीषणनं विचारलं.

मुंजाबांनी मान हलवली. ते काहीच म्हणाले नव्हते. सकाळी ती गेली तेव्हा ते मेंढरं घेऊन रानात गेले होते, मुद्दाम लवकर. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही, पण तिला आणायलाही कधी गेले नाहीत. ती कुठं असते ते मात्र त्यांना कायम ठाऊक होतं. तिचा भाऊ कंपनीत कामाला लागला तेव्हा सगळं बिऱ्हाड घेऊन पैठण रस्त्याला गेला होता. "माय चितेगावला असते," ते म्हणाले.

बजाजनगरातून लिंक रोड धरला आणि पैठण रस्त्याला लागलं की चितेगाव मोटारसायकलवर पाऊण तासाचं. बिभीषण आठ वर्षं वाळूजला नोकरी करत होता. पैठणला देवाला जाताना त्या फाट्यावर तो दोनदा चहा प्यायला थांबला होता.

शालू बरोबर येते म्हणाली. त्यानं नको म्हटलं आणि एकटाच चितेगावला गेला. कंपन्यांच्या भिंती संपतात तिथं मागच्या बाजूला पत्र्याची घरं होती. आईचा भाऊ वारला होता, त्याचा मुलगा सर्जेराव तिथं राहायचा. त्यानं बिभीषणला ओळखलं नाही, पण नाव ऐकल्यावर त्याचं तोंड उतरलं. घराच्या मागं बोट दाखवून तो म्हणाला, आत्या तिकडं असती, शेळ्यांपाशी.

एक बाई लिंबाखाली बसून शेळ्यांना पाला टाकत होती. उन्हातसुद्धा अंगात पूर्ण बाह्यांचं झंपर, डोक्यावरून पदर कानांमागं खोचलेला. तिनं मान वर केली. बिभीषणला वाटलं होतं, ओळख सांगावी लागेल. तशी वेळ आली नाही. ती उठली आणि चार पावलं मागं सरकली, मागं शेळीचा खुंटा होता त्याला अडखळली.

"तिथंच बस," ती म्हणाली. "तिथं सावली हाय."

तिनं एक पोतं झटकून लांबूनच त्याच्याकडं टाकलं. तो बसला. तिनं पाणी आणलं ते तांब्या हातात दिला नाही, वरून ओतलं आणि तो ओंजळीनं प्याला. मग ती दहा हातांवर बसली. त्याला पोरं किती, तिनं विचारलं. एक पोरगी, तो म्हणाला. नाव विशाखा. तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. बायको बरी हाय का, काम जड हाय का, तुझ्या बापाचे गुडघे दुखायचे ते आता कसे हायत, असं ती विचारत गेली, जणू तो महिन्यामागं येऊन गेलेला. का आलास, ते मात्र तिनं विचारलं नाही.

किती तरी वेळानं त्यानं बाही वर केली.

सुगंधाबाईनं दोन्ही हात तोंडावर धरले, आणि तेव्हा त्याला तिची बोटं दिसली. मधल्या पेरांतून वळलेली, एकमेकांवर चढलेली. मग हात काढून हळू म्हणाली, "जत्रंत लागलं आसंल."

त्याला कळलं नाही. तिनं सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना म्हसोबाच्या जत्रेला ती गावी आली होती. कुणी ओळखू नये म्हणून तोंड झाकून. तो एका झाडाखाली आजीच्या घोंगडीवर झोपलेला होता आणि आजी नारळ फोडायला गेली होती. तिला राहवलं नाही. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि गालाला गाल लावला. शंभर आकडे मोजावेत इतकाच वेळ. मग ठेवला आणि पळाली. घरी येऊन तिनं आपलेच हात चुलीतल्या लाकडानं भाजून घेतले होते. तेव्हापासून दरवर्षी ती कुणाकुणाला विचारायची, बिभीषण धडधाकट हाय ना, अंगावर काही नाय ना. सगळे म्हणायचे, काही नाय. तिला वाटलं, वाचला.

"माझ्याच्यानं झालं," ती म्हणाली. "मला तेवढं सोसलं नाय."

बिभीषणनं तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. हा महारोग नाही. हा लागत नाही. जत्रेचा काही संबंध नाही, हे पोटातूनच आलेलं असतं. तो बोलत होता आणि ती मान हलवत होती, पण ती त्याला बरं वाटावं म्हणून. मला आता समजवू नको, असं ती म्हणाली. तो जवळ जायला उठला तेव्हा तीही उठली आणि लिंबाच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.

तिला घाटीत न्यायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या वेळी शालू गेली. शालूनं लांब बसायचं मान्यच केलं नाही. सरळ जाऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी यांच्याजवळ सहा वर्षं झोपते. मला काय झालंय का बघा." सुगंधाबाईनं तिचे हात, कोपरं, मान, सगळं नीट निरखून बघितलं. मग दुसऱ्या दिवशी यायला तयार झाली.

डॉक्टर सुकेशनींनी तिला खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा एक बोळा घेतला, त्याचं टोक ओढून बारीक केलं आणि तिच्या चट्ट्यांवर अलगद टेकवत गेल्या. शिवलं की सांगा, मावशी. सुगंधाबाई सांगत गेली. व्हय. व्हय. हितं. व्हय. करंगळीच्या टोकावर. तळव्यावर. एकही चुकला नाही.

महारोगात चट्ट्यांवरची शुद्ध जाते, डॉक्टर म्हणाल्या. तुम्हाला तर सगळं कळतंय. पुढं रीतसर तपासण्या झाल्या, हाडांचे फोटो काढले, आठवड्यानं कागद आले. महारोगाचा मागमूस नव्हता. मुलाला जो रोग होता तोच आईला होता, आणि तो सांध्यांत उतरून त्यानं बोटं खाल्ली होती. चट्टे औषधानं कमी होतील, पण बोटं आता सरळ होणार नाहीत. तेव्हा कळलं असतं तर राहिली असती. हेही त्यांनी सांगितलं. लपवलं नाही.

सुगंधाबाईनं बोटांचं काही विचारलं नाही. ती टेबलावरच्या कापसाकडं बघत होती.

"म्हंजी बाई," ती म्हणाली, "लेकराला कडंवर घेतलं आसतं तरी चाललं आसतं?"

डॉक्टरांनी बिभीषणकडं बघितलं. मग म्हणाल्या, "चाललं असतं, मावशी."

"दूध पाजलं आसतं तरी?"

"तरी."

बाहेर व्हरांड्यात बाकावर ती बसली ती उठेचना. बिभीषण तिच्या शेजारी बसला. आज ती सरकली नाही. समोरून स्ट्रेचर जात-येत होते. मग ती त्याला विचारायला लागली. पाचव्या वर्षी तू काय करायचास. शाळेत पहिल्या दिवशी कोण घेऊन गेलं. रडलास का. गोवर निघाला होता का, तेव्हा कोण जवळ बसलं. सहाव्या वर्षी काय. सातव्या वर्षी काय. तिला एकेक वर्ष हवं होतं. बिभीषणला फारसं आठवत नव्हतं. आठवत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्यातल्या पुष्कळ गोष्टींत तो तिला शिव्या देत होता. तो काहीबाही सांगत राहिला. शाळेत आजी घेऊन गेली होती. गोवर आला होता की नाही, ठाऊक नाय. एकदा झाडावरून पडलो होतो. कुठल्या झाडावरून, तिनं विचारलं, आणि त्यानं एक झाड बनवून सांगितलं.

लग्नाच्या वेळी तो काय म्हणाला होता ते तिच्या कानावर गेलं होतं का, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं. तो विचारू शकला नाही. तिनंही कधी काढलं नाही.

होळीनंतर तो तिला बजाजनगरला घेऊन आला. शेळ्या सर्जेरावनं बघायचं ठरलं. औषधानं महिना-दीड महिन्यात तिचे चट्टे फिके पडले, पापुद्रे गळायचे थांबले. शालूनं तिला अर्ध्या बाह्यांची झंपरं शिवून दिली. ती घालायची, पण बाहेर पडताना पदर खाली ओढायची. विशाखाला आजी फार आवडली. आजीची वाकडी बोटं तिला गमतीची वाटायची, ती एकेक धरून बघायची. सुगंधाबाई हात ढिला सोडून द्यायची, पण आपण होऊन पोरीला शिवायची नाही. पोर मांडीवर येऊन बसली की तिचे दोन्ही हात वर उचललेले असायचे, पाण्यातून चालल्यासारखे. शालूनं एकदा ते हात धरून पोरीच्या पाठीवर ठेवले. शालू वळताच ते पुन्हा वर गेले.

चैत्रात मुंजाबा आले. मेंढरं शेजाऱ्याकडं ठेवून, नवी घोंगडी घेऊन. दाराशी चप्पल काढून ते आत आले आणि भिंतीला टेकून बसले. सुगंधाबाईनं चहा केला. दोघंही मेंढरांविषयी बोलले, यंदा लोकरीला कुणी विचारत नाही, चराई राहिली नाही, असं. सत्तावीस वर्षांनी भेटलेली नवरा-बायको, पण ऐकणाऱ्याला वाटलं असतं, बाजारात भेटलेले सोयरे आहेत. निघताना मुंजाबांनी घोंगडी तिच्यापुढं ठेवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

सुगंधाबाई घोंगडीवर हात ठेवून म्हणाली, "त्या सकाळी तुम्ही नुसतं थांब म्हनला आसता, तर मी थांबले आसते." तिच्या आवाजात राग नव्हता. मुंजाबा दारात उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी चपला पायात घातल्या, उलट्या पायांत, आणि बिभीषणनं त्या सांगून नीट करवल्या.

मे महिन्यात विशाखाला सुट्टी होती. शालू एका पॅकिंगच्या कामाला जायची, तेव्हा पोर आजीपाशी राहायची. एक दिवस दुपारी शालू घरी आली तर पोर शेजारच्या मुक्ताबाईंकडं खेळत होती आणि सुगंधाबाई नव्हती. तिची पिशवी नव्हती. औषधं मात्र फळीवर तशीच होती. मुक्ताबाई म्हणाल्या, लेकराला माझ्याकडं देऊन गेल्या, चितेगावला जाते म्हणाल्या, डोळे लाल होते.

शालूनं पोरीचे कपडे बदलताना बघितलं. दोन्ही कोपरांच्या आत बारीक लाल पुरळ होतं.

बिभीषण कामावरून तसाच पोरीला घेऊन डॉक्टरकडं गेला. रांगेत बसून तो पोरीची कोपरं पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि हसल्या. घामोळं, त्या म्हणाल्या. सुती कपडे घाला, थंड पाण्यानं अंघोळ घाला, चार दिवसांत जाईल. तीन दिवसांतच गेलं.

तो चितेगावला गेला तेव्हा सुगंधाबाई लिंबाखाली होती, पूर्ण बाह्यांचं झंपर घालून. त्यानं सांगितलं, घामोळं होतं, गेलं. तिला बरं वाटलं हे तिच्या तोंडावर दिसलं. चल, तो म्हणाला. तिनं मान हलवली.

"तू सांगितलं ते मला पटतं," ती म्हणाली. "बाईनी कापूस लावून दाखिवलं, ते बी पटतं. पन लेकराच्या अंगावर लाल दिसलं आनि माझे पाय उठले. मला इचारून उठले नायत रं ते."

मग, थोड्या वेळानं, "आनि खरं सांगू का. लेकराला लागू ने म्हनून गेले, ह्याच्यावर मी इतके दिस काढले. उपाशी झोपले तरी वाटायचं, तिकडं माझं लेकरू धड हाय. आता तुम्ही म्हनता ते कशासाठीच नव्हतं. मग मी रातदिस काय म्हनून काढू, सांग."

तो तिच्या शेजारी बसून राहिला. त्या दिवशी तो एकटाच परत आला.

तेव्हापासून ते तिघं दर रविवारी चितेगावला जातात. शालू डबा करते. विशाखा शेळ्यांच्या पिलांमागं पळते आणि आजी लांबून तिला सांगत राहते, कुठली मारकी आहे, कुठली गरीब. तिनं औषध पुन्हा सुरू केलं आहे. हातापायांना ती आपलं आपण लावते, वाकड्या बोटांनी जमेल तसं. पाठीवरच्या चट्ट्यांना मात्र तिचा हात पोचत नाही. शालूनं लावते म्हटलं, ती नको म्हणाली. सर्जेरावची बायको लावायला तयार होती, तिलाही नको म्हणाली. पावसाळा लागला तेव्हा पाठ पुन्हा भडकली होती आणि झंपराला रक्ताचे डाग पडायला लागले होते.

एका रविवारी बिभीषणनं ट्यूब उचलली आणि म्हणाला, मी लावतो. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या कोपरांवर चट्ट्यांच्या फिक्या खुणा होत्या. मग ती वळून बसली आणि तिनं पाठीवरचा पदर बाजूला केला.

"लाव," ती म्हणाली. "तुला तर झालंच हाय. आता तुझं काय व्हायचं ऱ्हायलं."

त्यानं बोटावर मलम घेतलं. पहिल्यांदा हात टेकला तेव्हा तिची पाठ आकसली, मग हळूहळू सैल झाली. मणके एकेक मोजता येत होते. तो मानेपासून खाली लावत गेला, चट्ट्याला धक्का न लावता, जिथं कातडी फाटली होती तिथं फुंकर घालत. पलीकडून विशाखा ओरडली, मी पण येऊ का, मी पण लावते. सुगंधाबाईनं लगेच हात वर करून तिला तिथंच थांबवलं. पोर थांबली. बिभीषण लावत राहिला. मलम कधीच जिरलं होतं.